ज्युलियानसचा बसलेला आवाज

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या नाणेसंग्राहक मंडळाचे उपाध्यक्ष माननीय श्री. फुल्जेन्झिओ बाराती, सत्काराला नको नको म्हणत शेवटी व्यासपीठावर येऊन बसलेले आमचे डॉक्टर एजिदिओ मार्झोत्ती, त्यांना न्यायला उदिनेहून आलेल्या त्यांच्या कन्या श्रीमती रोझाल्बा, नगरपालिकेच्या वतीने वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय सदस्य श्री. ओरेस्ते पाल्लोत्ती, आणि समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या सभासद बंधुभगिनींनो. रिकाम्या खुर्च्यांनाही माझा नमस्कार. त्यातल्या बहुतेकांवर पूर्वी कोण बसत असे ते मला आठवतं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी फुल्जेन्झिओसाहेबांना म्हटलं, "अहो, मी भंगारातून वर आलेला माणूस. मला वजन करता येतं, भाषण येत नाही." ते म्हणाले, "तुम्ही बाजारात दिवसभर काय करता मग? तेच इथे करा, फक्त शिव्या वगळून." तेव्हा वगळून बोलतो.

रोझाल्बाचे यजमान पहिल्यांदाच आपल्यात आले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. मी नाझ्झारेनो तोझ्झी. नाण्यांचा व्यापारी. त्याआधी जुने नळ, पत्रे, घंटा, भांडी विकत घेत गावोगाव हिंडायचो. शाळा मला फारशी मानवली नाही. पण कान बरा निघाला. शिसं कसं वाजतं, जस्त कसं वाजतं, पितळेत कुणी काय मिसळलंय, हे मला न बघता कळायचं. पुढे चांदी वाजवायला लागलो. माझं घर, माझी गाडी, मुलींची लग्नं, सगळं या दोन कानांनी केलंय. आज वाटतं, एका गुरुवारी दुपारी हे कान नसते तर बरं झालं असतं. त्या गुरुवारचं सांगायला मला जीभ वळत नाहीये, म्हणून जरा लांबून येतो. सांभाळून घ्या.

तुम्ही निमंत्रणपत्रिका पाहिलीत? वर ठसठशीत छापलंय, "निरोप समारंभ". कुणाचा, ते छापलेलं नाही. मी छापखानेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मंडळाकडून एवढाच मजकूर आला." डॉक्टरांना तर निरोप आपण देतोच आहोत. पण येत्या गुरुवारी चार वाजता या दालनाचं कुलूप काढायला कोण येणार आहे? हात वर करा बघू.

असो. हात दुखत असतील.

मी या मंडळात पहिल्यांदा आलो तो दिवस सांगतो. दाराशी उभा होतो. हाताला गंजाचा वास. आत सगळे वकील, शिक्षक, जमीनदार. कुणीतरी म्हणालं, "नळ दुरुस्तीला मागच्या दाराने यायचं." तेवढ्यात डॉक्टर उठले. तेव्हा त्यांचं औषधांचं दुकान चौकात होतं आणि अर्धं गाव त्यांच्या गोळ्यांवर जगत होतं. ते म्हणाले, "नळ उत्तम आहेत. हे माझे पाहुणे आहेत. खुर्ची द्या." मी खुर्चीत बसलो आणि बसल्या बसल्या पहिली चूक केली. शेजाऱ्याच्या हातात नाणं होतं. बघायला म्हणून मी हात पुढे केला.

सगळ्या दालनाने माझ्या हाताकडे बघितलं. जणू मी चर्चमध्ये टोपी घालून शिरलो.

डॉक्टर हसले. म्हणाले, "नाझ्झारेनो, आपल्याकडे नाणं हातातून हातात जात नाही. देणाऱ्याने कापडावर ठेवायचं. त्याने हात मागे घ्यायचा. मग घेणाऱ्याने उचलायचं."

मी विचारलं, "का हो? खरूज आहे का मला?"

"तसं नाही. देणाऱ्याची बोटं सुटली आणि घेणाऱ्याची अजून मिटली नाहीत, त्या मधल्या क्षणात नाणं कुणाचंच नसतं. जगातली सगळी मोडतोड त्या क्षणात होते."

हे हिरवं कापड तेच. तेव्हा इतकं विटलं नव्हतं, इतकंच. या कापडाने भले भले लोक पाहिले. त्यावर ठेवायचा नियम मोडला म्हणून एका खऱ्याखुऱ्या सरदाराला आपण दोन महिने घरी बसवलं होतं. मंडळाची घटना कुणी वाचली नसेल, पण हा नियम आपल्या बोटांना पाठ आहे.

आता थोडं सम्राटांविषयी. घाबरू नका, पाच मिनिटांत राज्य संपवतो. त्यांनीही फार वेळ घेतला नव्हता.

डॉक्टरांना एकाच वर्षाचं वेड होतं. कोमोडस नावाच्या सम्राटाला वर्षाच्या शेवटच्या रात्री गळा दाबून मारलं, तिथून पुढचं वर्ष. त्या एका वर्षात रोमला पाच जण 'माझं' म्हणाले. पहिला पर्टिनॅक्स, गुलामगिरीतून सुटलेल्या बापाचा मुलगा, म्हणजे आमच्याच जातकुळीचा, खालून वर आलेला. त्याने सैनिकांना शिस्त लावायला काढली. सैनिकांनी त्याला कापून काढला. मग त्यांना प्रश्न पडला, आता सिंहासनाचं काय करायचं? त्यांनी छावणीच्या तटावर उभं राहून साम्राज्याचा लिलाव पुकारला. हो, लिलाव! तटाच्या आतून एक बोली, बाहेरून एक बोली. मी आयुष्यभर लिलावात बसलोय, पण असला माल कधी पुकारलेला ऐकला नाही. बोली जिंकली ज्युलियानसने. श्रीमंत, वयस्कर, बायकोमुलीच्या भरीस पडलेला असं म्हणतात. लोकांनी त्याच्यावर दगड फेकले. तेवढ्यात सीरियातून नायजर उठला, ब्रिटनमधून अल्बिनस, डॅन्यूबकडून सेव्हेरस. दोन महिन्यांत ज्युलियानसचा एकांतात मुडदा पडला. मरताना तो म्हणे विचारत होता, माझं चुकलं काय, मी कुणाचा जीव घेतला?

ज्याच्या वाट्याला दोन महिने आले, त्याची नाणी किती असणार? आणि त्या नाण्यांवर त्याने काय कोरलं होतं ठाऊक आहे? सैन्याची एकी. ज्यांनी त्याला सिंहासन विकलं आणि ज्यांनी त्याला सोडून दिलं, त्यांची एकी. लिलावात माल घेणाऱ्याची आशा अशीच असते, मला विचारा.

हे वर्ष गावाला शिकवलं ते डॉक्टरांच्या पत्नी ओर्नेल्लाबाईंनी. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना बाईंनी हातावर छडी दिली आहे. ओरेस्ते, तुम्हालाही. बाई दर वर्षी वर्गाला घेऊन औषधांच्या दुकानात यायच्या. काउंटरवर डॉक्टर कापड पसरायचे आणि सम्राट मांडायचे. पण डॉक्टरांकडे तेव्हा चारच होते. ज्युलियानस कुठून आणणार? मग बाई त्याच्या जागी डोकेदुखीची एक गोळी ठेवायच्या.

मुलं विचारायची, "बाई, हा सम्राट खाल्ला तर?"

बाई म्हणायच्या, "खाल्लाच त्याला. पण डोकं काही उतरलं नाही रोमचं."

माझी धाकटी त्या वर्गात होती. ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, चार सम्राट चांदीचे असतात आणि एक पांढरा असतो." आम्ही दोन दिवस हसत होतो.

बाई गेल्या. आजारपण थोडंच होतं. गेल्यावर पहिल्या गुरुवारी डॉक्टर दालनात आले, कापडावर चार नाणी ठेवली, खिशातून गोळी काढली, पाचव्या जागी ठेवायला गेले आणि त्यांना ती ठेवता आली नाही. आपण सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही बोललं नाही. आपल्यात ते बरं असतं, कुणी काही बोलत नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी डॉक्टर रोमला गेले आणि सम्राटांच्या आधीच्या, रोमन प्रजासत्ताकाच्या काळातली आपली चांदीची सगळी नाणी, वडिलांपासून जमवलेली, एका व्यापाऱ्याला देऊन बदल्यात एक नाणं घेऊन आले. ज्युलियानस.

फुल्जेन्झिओसाहेब, तुम्ही तेव्हा काय म्हणालात आठवतं? मी सांगतो, तुम्ही पाणी प्या. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, सगळा द्राक्षमळा देऊन एक मनुका आणलीत!"

आणि डॉक्टर म्हणाले, "मनुका गोड आहे."

मग नाणं कापडावर आलं. हातोहात नाही, एकेकाने उचललं, ठेवलं. दाढी बरोबर होती, अक्षरं बरोबर होती, पाठीमागे एकीची देवी दोन निशाणं घेऊन उभी होती. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाझ्झारेनो, वाजव.

मी बोटाच्या टोकावर नाणं तोललं आणि पेन्सिलीने कडेला टिचकी दिली.

बद्द.

चांदी गाते. जुनी असो, झिजलेली असो, गाते. हे नाणं गायलं नाही. ओल्या मडक्यासारखं बोललं. दालनात एक लांब श्वास ऐकू आला. तो फुल्जेन्झिओसाहेबांचा होता. ते हळूच म्हणाले, "ओतीव." म्हणजे साच्यात ओतलेलं. म्हणजे खोटं.

मी म्हटलं, "थांबा. बद्द वाजण्याची कारणं दोन. एक, ओतीव. दुसरं, चांदी मातीत शतकानुशतकं पडून आतून दाणेदार झाली, तर तिचा आवाज जातो. ती काचेसारखी होते. बाहेरून काहीच दिसत नाही."

"मग यातलं कोणतं?"

"कानाने कळणार नाही. डोळ्यानेही नाही. मोडून बघितलं तरच."

फुल्जेन्झिओसाहेब म्हणाले, "मग मोडून बघा की!"

सगळे हसले. मीही हसलो असेन. डॉक्टरांनी नाणं कापडावरून उचललं, रुमालात गुंडाळलं, आणि म्हणाले, "माणूस म्हातारा झाला की त्याचा आवाज बसतो. म्हणून तो माणूस खोटा होतो का, फुल्जेन्झिओ?"

फुल्जेन्झिओसाहेबांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. पण तेव्हापासून गावात कुजबुज राहिली. मला ऐकू जास्त येतं, हा माझा भोग आहे. कॉफीच्या दुकानात ऐकलं, केशकर्तनालयात ऐकलं, बाईंच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेत मागच्या बाकावर ऐकलं. "बिचारे डॉक्टर. बायको गेली आणि डोकं फिरलं. रोमवाल्याने टोपी घातली." डॉक्टरांनाही ऐकू येत असणार. ते दर गुरुवारी येत राहिले, पाच नाणी मांडत राहिले. ज्युलियानसची जागा आली की काही जण जरा घसा खाकरायचे. डॉक्टर, तुम्हाला वाटत असेल तुम्ही लक्ष देत नव्हता असं आम्हाला वाटायचं. तसं आम्हाला कधीच वाटलं नाही.

मग डॉक्टरांचे डोळे गेले. एकदम नाही. मधोमध आधी धुकं आलं, आणि कडा तेवढ्या राहिल्या. ते म्हणायचे, "बरं आहे, नाण्याची कड दिसते, चेहरा अंगठ्याने वाचतो." तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मनाला लावून घेतली. आपल्या मागे हे पाच एकत्र राहावेत, गावात राहावेत, आणि ज्या खोलीत राहतील त्या खोलीला ओर्नेल्लाबाईंचं नाव असावं. शाळेतल्या मुलांना काउंटर तरी हवा ना, ते म्हणायचे. दुकान तर आता मोबाइलवाल्याचं झालंय.

सन्माननीय ओरेस्ते पाल्लोत्ती यांचे इथे जाहीर आभार मानले पाहिजेत. त्यांनी नगरपालिकेत ठराव आणला. जुन्या जकातनाक्याच्या इमारतीतली, आपल्या संग्रहालयाची वरची खोली. खिडकीतून नदी दिसते. ओरेस्ते त्या दिवशी धावत आले होते, कोटाची बटणं उलटसुलट. "डॉक्टर, झालं! बाईंच्या नावाची पाटी मी स्वतः लावणार. मला त्यांनी कोन शिकवले, पाटी वाकडी लावणार नाही." डॉक्टरांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. ते खरं होतं, ओरेस्ते. मी बघत होतो. त्या दिवशीचे तुम्ही खरे होता.

एकच गोष्ट उरली होती. संग्रहालयाच्या नव्या संचालिका श्रीमती लेतित्सिया काल्वानी यांनी नाणी एकदा डोळ्यांखालून घालायची होती. त्या गुरुवारी चार वाजता आल्या. हुशार बाई, नम्र बाई. माझ्या मनात त्यांच्याविषयी काही नाही आणि तुमच्याही असू नये. डॉक्टरांनी नवा कोट घातला होता. मला बाजूला ओढून म्हणाले, "नाझ्झारेनो, माझी टाय कशी आहे?" मी म्हटलं, "सरळ आहे." "ओर्नेल्लाला आवडायची तीच आहे ना, निळी?" होती तपकिरी. मी म्हटलं, "निळीच आहे."

पर्टिनॅक्स कापडावर गेला, काल्वानीबाईंनी उचलला, भिंगाने पाहिला, ठेवला. नायजर. अल्बिनस. सेव्हेरस. सगळं रीतसर. बाई खूश होत्या. मग म्हणाल्या, "आणि ज्युलियानस? त्याच्यासाठीच आले खरं तर!" आणि त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. तळवा वर करून. मी केला होता तसाच. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्याकडे नाणी कपाटातून हातमोज्यांत येतात, माणसाकडून माणसाकडे येतच नाहीत.

मी तोंड उघडलं. फुल्जेन्झिओसाहेबांनीही उघडलं. पण डॉक्टरांना त्या धुक्याच्या कडेला एक पुढे आलेला हात दिसला. एका स्त्रीचा हात. आपले डॉक्टर जुन्या वळणाचे. स्त्रीने पुढे केलेला हात त्यांनी जन्मात कधी रिकामा परत पाठवला नाही. सगळ्या दालनाला नियम शिकवणाऱ्या माणसाने त्या क्षणी सौजन्य निवडलं. त्यांनी नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. म्हणजे तळवा जिथे आहे असं त्यांना वाटलं, तिथे ठेवलं.

खाली संगमरवर आहे. तुम्ही सगळे तिथेच पाय ठेवून बसला आहात.

बाईंनी किंकाळी फोडली. खुर्च्या सरकल्या. आणि त्या सगळ्या गोंधळात डॉक्टर जागेवरून हलले नाहीत. त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली आणि विचारलं, "नाझ्झारेनो, कसा आला आवाज?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुटलं."

"ते कळलं मला. आवाज कसा होता, ते विचारतोय."

मी काय सांगणार? नवी चांदी पडली तर उडते, गाते, फार तर वाकते. ओतीव खोटं पडलं तर थप्प करतं. हा आवाज मी आयुष्यात दोनदाच ऐकला होता.

मी म्हटलं, "काचेसारखा."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "म्हणजे खरं होतं."

एव्हाना फुल्जेन्झिओसाहेब टेबलाखाली होते. या वयात, त्या गुडघ्यांनी. डोळ्याला भिंग लावून ते फरशीवर रांगत होते. तुकडे तीन झाले होते. त्यांनी एक तुकडा उजेडात धरला. मोड, म्हणजे तुटल्या जागचा पोत, अगदी साखरेच्या खड्यासारखी, राखाडी, दाणेदार. असली मोड कुठल्याही साच्यातून निघत नाही, ती फक्त काळातून निघते. फुल्जेन्झिओसाहेब खालूनच ओरडले, "खरं आहे! डॉक्टर, खरं आहे हो! अस्सल आहे!" आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "मला माहीत होतं. उठा, फुल्जेन्झिओ, फरशी गार आहे."

अध्यक्षमहाराज, मान वर करा. मी हे तुम्हाला लाजवायला सांगत नाहीये. शंका घेणं हा आपला धंदाच आहे. पण तुम्हीच सांगा, इतकी वर्षं ज्या एका शब्दाची डॉक्टर वाट बघत होते, तो शब्द आपल्याला कधी मिळाला? नाणं होतं तोवर ते खोटं होतं. खरं ठरलं तेव्हा ते नव्हतं.

पुढचं थोडक्यात. संचालिकाबाई रडत रडत म्हणाल्या, तुकडे तर तुकडे, आम्ही घेतो. भल्या बाई. पण गोष्ट नगरपालिकेत गेली आणि तिथे कुणीतरी बोट ठेवलं की ठरावात 'पाच सम्राटांचं दालन' असं म्हटलंय, साडेचारांचं नाही. आणि खोलीला दुसरी मागणी होतीच. ओरेस्ते, तुम्ही तेव्हा मला रस्त्यात म्हणालात, "नाझ्झारेनो, माझे हात बांधलेले आहेत." मी बघितले. मोकळेच होते. एकात आइस्क्रीम होतं. रागावू नका. हसायला कारण उरलेलं नाही, म्हणून जे आहे त्याच्यावर हसतोय.

त्या खोलीत आता पर्यटकांसाठी स्मरणवस्तू मिळतात. मी गेलो होतो बघायला. प्लास्टिकचं शिरस्त्राण, ग्लॅडिएटरचा मग, आणि एका परडीत पितळेची नवी कोरी रोमन नाणी. त्यात ज्युलियानसही आहे. मी सवयीने बोटावर तोलला आणि टिचकी मारली.

खणखणीत वाजला हो. सगळी खोली भरून.

विकणारी मुलगी म्हणाली, "छान आवाज आहे ना, काका?" मी म्हटलं, "छान आहे." खाली उतरताना मला जिना दिसेना.

त्यानंतर डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "उरलेले चार विकून टाक."

मी म्हटलं, "असं करू नका. चौघांना एकत्र राहू द्या. माझ्याकडे ठेवतो."

"आणि तुझ्या मागे? तुझ्या मुलींना त्यांची नावं तरी माहीत आहेत का?"

मी म्हटलं, "धाकटीला तो पांढरा तेवढा आठवतो."

"मग जाऊ दे. जिवंतपणीही ते कुठे एकत्र राहिले?"

"आणि बाईंची खोली?"

तेव्हा ते पहिल्यांदा रागावले. म्हणाले, "ती खोली माझ्या हातून पडली, नाझ्झारेनो. पडलेल्या गोष्टीविषयी आपल्या मंडळात बोलत नाहीत."

पर्टिनॅक्स म्युनिकला गेला. नायजर समुद्रापार. अल्बिनस कुणी घेतला तेही कळलं नाही. हल्ली फोनवर बोली येते आणि नावाच्या जागी आकडा असतो. सेव्हेरस शेवटी जिंकला होता, तर तोही गेला. मी पाकिटं चिकटवली, टपालात टाकली. माझा धंदाच तो. एका वर्षाचे चार धनी जगाच्या चार दिशांना, पाचवा तुकड्यांत, आणि मुलांना सांगायला कुणी नाही. या गावात आता त्या वर्षाची आठवण म्हणून फक्त ती पितळी परडी आहे.

रोझाल्बा, पोरी, तू वडिलांना नेतेस ते योग्यच करतेस. उदिनेला थंडी जास्त, पण घर गरम असेल. तिकडे त्यांना गुरुवारी दुपारी चार वाजता एकटं सोडू नकोस. त्या वेळी ते बोटांनी काहीतरी शोधतात. समोर टेबलावर एखादं कापड टाक. काही ठेवलं नाहीस तरी चालेल.

बाहेर मंडळींनी मेंढीचं चीज, कोवळ्या शेंगा आणि भाजलेलं मांस मांडून ठेवलंय, आणि फ्रास्काती वाइनच्या बाटल्या मला इथपर्यंत ऐकू येताहेत. तेव्हा आवरतं घेतो. आभार मानायचे ते असे. सभेचे अध्यक्ष फुल्जेन्झिओसाहेब, तुमचे, कारण त्या दिवशी तुम्ही खाली बसलात. ओरेस्ते, तुमचेही, कारण आज तोंड चुकवता आलं असतं आणि तुम्ही आलात. श्रीमती काल्वानींनी फुलं पाठवली आहेत, त्यांचे आभार. ज्यांनी ज्यांनी इतकी वर्षं खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या त्यांचे आभार. आणि डॉक्टर, तुमचे आभार कसे मानतात हे मला तुम्ही शिकवलं नाहीत.

आता आपल्या मंडळाची रीत. जाणाऱ्या सभासदाला मंडळ एक नाणं देतं. कापडावर ठेवतं आणि तो उचलतो. या वेळी काय द्यायचं म्हणून आम्ही बरेच दिवस डोकं खाजवत होतो. दुसरा ज्युलियानस मी शोधला. नाही मिळाला. मिळाला असता तरी तुम्ही घेतला नसता, मला माहीत आहे. म्हणून त्या दिवशी जे तुम्ही इथेच सोडून गेलात, "मंडळाचं आहे ते" असं म्हणून, तेच या डबीत आहे. उद्या कपाट रिकामं करायचंय, त्यामुळे मंडळाकडे ठेवायला मंडळ नाही. तीन तुकडे आहेत. एकावर दाढी आणि नाक, एकावर नुसती मान, तिसऱ्यावर एकीची देवी, कमरेपर्यंत. आम्ही ते चिकटवलेले नाहीत. चिकटवलं असतं तर तुमच्या अंगठ्याने आम्हाला खोटं पाडलं असतं.

बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, कुठे मान द्यायचा राहिला असेल, कुठे भंगारवाल्याची जीभ घसरली असेल, तर ते पोटात घाला. आणि एक चूक मी अजून केलेली नाही, ती आता तुमच्या सगळ्यांसमोर करणार आहे, तिची माफी आधीच मागून ठेवतो.

डॉक्टर, हात पुढे करा. कापड राहू द्या. तुमच्या हाताखाली माझा दुसरा हात आहे. आज मी हे कापडावर ठेवणार नाही, हातात देणार आहे. पडलं तर पडू दे, डॉक्टर. आता यात मोडण्यासारखं काही उरलेलं नाही.